अण्णांनी पाळलेलं भूत

माधवनगरात गिरणीच्या मागच्या अंगाला देशी दारूचं एक जुनं दुकान होतं. पाटीवर काय लिहिलं होतं ते असो, सगळे त्याला अण्णांचा गुत्ता म्हणायचे. त्या गुत्त्यात भूत आहे हे लहान पोरालाही ठाऊक होतं. कुणाकडे पाहुणा आला आणि त्या रस्त्यानं चालला, की आधी भुताची गोष्ट सांगायचे, मग गिरणीची. मला त्या भुताची भीती कधी वाटली नाही, कारण ते भूत मीच होते. अण्णांनी मला भूत केलं आणि ते माझ्या भल्यासाठीच केलं.

अण्णा मूळचे जतच्या बाजूचे. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, टोपी कायम थोडी डावीकडे कललेली. जन्मभर दारू विकली, पण स्वतः थेंब चाखला नाही. दुकानात बसून ते दारूच्याच ग्लासातून ताक प्यायचे. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, अण्णांनी आपल्यासाठी काही वेगळा माल राखून ठेवलाय. तो तेच मागायचा. अण्णा त्याला ताक द्यायचे. ते ताक पिऊन एक माणूस भिंत धरत धरत घरी गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

राग आला की अण्णा कानडीत शिव्या द्यायचे. समोरच्याला कानडीतलं ओ की ठो कळत नसलं तरी कानडीतच. एकदा मला आपणहून म्हणाले, "कळणारी शिवी दिली तर त्याच्या जिवाला लागती. न्हाई दिली तर माझ्या जिवाला लागती. कानडीत दिली म्हंजी दोघांचंबी भागतं." एकदा जतकडचा एक मेंढरं राखणारा म्हातारा आला होता, त्याला सगळं कळलं. तेव्हापासून जतचं माणूस दिसलं की अण्णा हिंदीत शिव्या द्यायचे.

त्यांच्या दुकानाचे नियम दुसऱ्या कुठल्या गुत्त्यात नसतील. चपला बाहेर, त्याही ओळीत. आणि पहिला ग्लास देण्याआधी अण्णा प्रत्येकाला विचारायचे, "आज घरात भाजी काय?" ज्याला सांगता आलं नाही त्याला ग्लास मिळायचा नाही. घरी जा, बघून ये, मग बस. खोटं सांगून चालायचं नाही, कारण अण्णांना आख्ख्या गल्लीच्या भाज्या ठाऊक असायच्या. सकाळी बाजारात बसून कोण काय घेऊन चाललंय ते बघायचे.

एक दिवस एका माग चालवणाऱ्या गिऱ्हाइकाची बायको गुत्त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. अण्णांना बाहेर बोलावलं आणि म्हणाली, "अण्णा, आमच्या ह्यांच्या डोस्क्यात काय बिघाड झालाय का बगा. बारा वर्षं ताटात काय वाढलंय ते बगितलं न्हाई ह्या माणसानं. आता रोज सकाळी इचारतोय, आज काय करनार. काल तर चुलीपशी येऊन झाकन काढून बगितलं."

अण्णांनी तिला सांगितलं, काळजी करू नको, ह्या आजारानं कुणी मरत नाही.

मी तिथं कशी आले ते थोडक्यात सांगते. माझा नवरा गिरणीत होता. तापानं गेला. पदरात एक मुलगी. चार घरी भांडी घासायचं काम मिळत होतं, पण तिथं बोलावं लागतं. आज का उशीर झाला, उद्या येणार का, हे सगळं. मला ते जमायचं नाही. दुकानात पाव किलो साखर घ्यायची तर मी बोटानं पोतं दाखवायची. कुणी माझ्याकडे बघितलं की मी पदर पुढे ओढायची. अण्णांना चकणा करणारं माणूस हवं होतं. अंडी, मिरचीची भजी, वजडीचा म्हणजे बकऱ्याच्या आतड्याचा रस्सा. कुणीतरी माझं नाव सांगितलं. अण्णांनी विचारलं, वजडी येते का. मी मान हलवली. मग म्हणाले, काही अट आहे का. ती सांगायला मला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी जाऊन मी एवढंच म्हणाले, "मला कुणी बघाय नको."

अण्णांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांना समजलं होतं. बाई गुत्त्यात काम करते हे कळलं असतं तर वस्तीत मला उभं राहायला जागा नव्हती, आणि मुलगी चार वर्षांत लग्नाची झाली असती. त्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारावर दोन गोणपाटं शिवून पडदा लावला. भिंतीत एक झरोका होता, त्यातून मी प्लेटा सरकवायची आणि अण्णा उचलायचे. मागच्या दारानं यायचं, मागच्याच दारानं जायचं. तिकडे गिरणीची भिंत आणि वेड्या बाभळी, माणूस फिरकायचं नाही. घरी आणि वस्तीत मी सांगितलं होतं की सांगलीला पापड लाटायला जाते. भावालासुद्धा तेच.

नवरा गेल्यावरही मी हातात काचेच्या बांगड्या ठेवल्या होत्या. आमच्यात त्याला कुणी नावं ठेवत नाही. त्या बांगड्यांनीच सगळं घडवलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भजी तळताना त्या वाजल्या आणि बाकावरच्या एकानं विचारलं, "अण्णा, आत कोन हाय?"

"कोन न्हाई."

"मग बांगड्या कशाच्या वाजत्यात?"

अण्णांनी ताकाचा घोट घेतला. मग हळूच म्हणाले, "तुलाबी आल्या व्हय ऐकू?"

एवढंच. पुढचं भूत त्या माणसानं स्वतःच तयार करून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी दहा जणांनी विचारलं तेव्हा अण्णांनी गोष्ट पुरी केली. चाळीस वर्षांमागं एक बाई नवऱ्याला न्यायला ह्या गुत्त्यात आली. नवरा मागच्या दारानं पळाला. ती अजून तिथंच उभी आहे. पडद्याआड जो पुरुष जाईल त्याला आपलाच नवरा समजून ती घेऊन जाते. कुठं, असं एकानं घाबरत विचारलं. अण्णा म्हणाले, "घरला. आणि कुठं?"

मसणात नेते म्हटलं असतं तर दोन-चार धीट गडी आत डोकावले असते. पण घरी नेते म्हटल्यावर कुणी पडद्यापासून चार हातांच्या आत बसेना.

कुणी हुशार विचारायचा, मग गरम भजी कोण तळतं? त्यावर बाकीचेच त्याला गप्प करायचे. खातोस ना, मग खा. होता होता 'भुताची भजी' म्हणून नाव झालं. सांगलीहून, बुधगावाहून माणसं यायची, बांधूनसुद्धा न्यायची. एक म्हातारा विणकर रोज एक भजं पडद्याच्या दिशेनं धरून कपाळाला लावायचा आणि मग तोंडात टाकायचा. म्हणायचा, जिवंतपणी असल्या हाताचं खायला मिळालं असतं तर तो नवरा पळालाच नसता. मी आत पदर तोंडात धरून हसायची.

भूत बोलायला लागलं ते मात्र अण्णांच्या मनात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

एका दुपारी पहिली पाळी सुटल्यावर दोघं भांडायला लागले. बादशा कुणाचा आणि राणी कुणाची असं काहीतरी पत्त्यांवरून निघालं. एकानं बाटली फोडली आणि मधे पडलेल्या अण्णांवरच उगारली. अण्णांची कानडी संपली. टोपी खाली पडली. मी झरोक्यातून बघत होते, हातात झारा होता. पडद्याबाहेर जाता येत नव्हतं. आणि एकदम माझ्या तोंडातून हाक गेली. ज्या हाकेनं मी माझ्या नवऱ्याला गिरणीच्या फाटकातून बोलवायची, तीच.

"आवं. चला की घरला."

आमच्या भागात कुठलीच बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सगळ्यांच्या बायका 'आवं' एवढंच म्हणतात. त्यामुळे त्या गुत्त्यात बसलेल्या प्रत्येक माणसाला वाटलं, ही हाक मला आहे. नऊ माणसं एकदम उठली. बाटलीवाला तर "आलो, आलो" म्हणत सगळ्यांच्या पुढे. चपला अशा अदलाबदल झाल्या की पुढचे आठ दिवस लोक एकमेकांच्या दारात जाऊन आपला जोड शोधत होते.

अण्णांनी टोपी उचलली, झटकली आणि पडद्यासमोर येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, ते कधीच येत नसत. म्हणाले, "बाई, उद्यापास्नं दिवेलागणीला येकदा असंच म्हनत जावा. मला दुकान बंद करताना लय तरास होतो."

मी रोज म्हणायला लागले. मोजून एकदा. दिवसभरात माझ्या तोंडून निघालेलं बहुतेक तेवढंच एक वाक्य असायचं. पण ते मी चांगलं म्हणायची, हे मला माहीत होतं.

अशी चार वर्षं गेली. मुलगी दहावी झाली, शिवण शिकली, आणि आष्ट्याचं एक स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात फिटर. बाप मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला. फोटो पसंत पडला होता. आता बघायला येणार, त्याआधी ते घराची चौकशी करणार हे मला ठाऊक होतं. पण ती कुठं करतील हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, मिशा पिळलेला एक माणूस गुत्त्यात आला. अण्णांनी भाजी विचारली. तो म्हणाला, मी आष्ट्याचा, सकाळी घर सोडलंय, भाजीचं मला काय माहीत. अण्णांनी पाहुणा म्हणून सूट दिली. एक ग्लास आणि भज्यांची प्लेट घेऊन तो बसला आणि सरळ विचारायला लागला, ह्या ह्या गल्लीतली, गिरणीतला नवरा वारलेली, एक मुलगी असलेली बाई कशी आहे? पापड लाटते म्हणे.

हे मुलाचे वडील, सुभेदार, हे मला तिथंच कळलं आणि नीट ऐकू यावं म्हणून मी कढईखालचा जाळ कमी केला.

अण्णांनी जे सांगितलं ते मला लिहवत नाही, इतकं चांगलं सांगितलं. बाकीचे म्हणाले, आहे खरी तशी एक बाई, पण कधी बघितली नाही. कधी आवाजसुद्धा ऐकला नाही. सुभेदारांनी दुसरी प्लेट मागितली. ती झरोक्यातून आली तेव्हा त्यांनी विचारलं, आत कोण आहे. लोकांनी भुताची गोष्ट सांगितली. सुभेदार मोठ्यानं हसले. म्हणाले, मी बर्फात पहारा दिलाय, असली भुतं मला नका सांगू. आणि उठले.

अण्णा आडवे आले. "पावनं, बसा. भजी गार व्हतील."

"आलो बगून," म्हणत सुभेदारांनी अण्णांना हातानं बाजूला केलं.

मागचं दार तीन पावलांवर होतं. पण ते उघडताना करकरायचं, आणि पळणारी बाई दिसली की गोष्ट आणखी वाईट झाली असती. माझ्याजवळ एकच हत्यार होतं. मी पदर पुढे ओढला आणि म्हटलं, "आवं, चला की घरला."

बाहेर बाकं सरकल्याचा आवाज झाला. चार-पाच जण तर गेलेच. सुभेदार थांबले, पण परत फिरले नाहीत. गोणपाट बाजूला झालं. त्यांनी मला बघितलं. कढई, पिठाचं पातेलं, माझे पिठानं भरलेले हात, सगळं बघितलं. मी खाली बघत होते. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, बाहेर बूट काढून आलेले, मोज्याला अंगठ्याशी भोक पडलेले. बराच वेळ ते पाय तिथं होते. मग पडदा परत पडला.

"काय दिसलं?" कुणीतरी विचारलं.

"आत कोनबी न्हाई," सुभेदार म्हणाले.

त्या उत्तरानं गुत्त्यात जो हाहाकार झाला तो काय सांगावा. हाक तर सगळ्यांनी ऐकली होती, आणि मिलिटरीतला माणूस शपथेवर सांगत होता की आत कुणी नाही. म्हाताऱ्या विणकरानं भिंतीला टेकून डोळेच मिटले. सुभेदार अर्धा ग्लास तसाच ठेवून निघून गेले.

मला वाटलं, स्थळ गेलं. पण रविवारी ते बघायला आले. सुभेदार, त्यांची बायको, मुलगा आणि चुलता. आमच्या बाजूनं मी, माझा भाऊ आणि अण्णा. भाऊ म्हणाला होता, आपल्याकडून बसायला एखादं वडीलधारं माणूस पाहिजे. मला दुसरं कुणी सुचलं नाही. अण्णा नवीन टोपी घालून आले आणि पाटावर अगदी अवघडून बसले. भावाला ते सांगलीचे किराणा दुकानदार म्हणून माहीत होते.

मुलीनं पोहे दिले. मी चहा घेऊन आले तेव्हा सुभेदारांनी मान वर केली नाही. त्यांची बायको ठसठशीत कुंकू लावलेली, बोलायला मोकळी. तिनं मुलीला दोन प्रश्न विचारले, हात बघितले, खूश झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी पापड लाटता म्हनं. कुनाकडं?"

मी कपबश्या नीट लावत राहिले. अण्णा माझ्या मदतीला आले. सांगलीला एक मोठा पापडवाला आहे, माझ्या ओळखीचा, उडदाचे, अगदी पातळ, परदेशात जातात. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एका पापडाची त्यांनी सहा वाक्यं केली. घरच्या भाजीचं कुणी खोटं सांगितलं तर हाकलून देणारा माणूस माझ्यासाठी असं खोटं बोलत बसला होता. मला ते बघवेना. मुलीकडे बघितलं, ती मला बघत होती. उद्या सासरी गेल्यावर हे तिलाच सांभाळावं लागणार होतं, रोज, जन्मभर.

मी म्हटलं, "पापड न्हाईत. मी अण्णांच्या गुत्त्यात सैपाक करते. चार वर्सं झाली. पडद्याआड असते."

भावानं कपाळाला हात लावला. अण्णा बोलायचे थांबले. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. सुभेदार चहाच्या कपात बघत होते.

"तुमी काय बोलत न्हाई?" विहीणबाईंनी नवऱ्याला विचारलं. "तुमाला ठावं हुतं."

"व्हय."

"कसं?"

"चौकशीला गेल्तो."

"गुत्त्यात?"

"मानसं तितंच खरं बोलत्यात," सुभेदार हळू आवाजात म्हणाले. बर्फात पहारा दिलेला माणूस, पण आवाज पार बसला होता. तेव्हा मला समजलं, की त्यांनी 'आत कोणी नाही' म्हटलं ते माझ्यासाठी होतं, पण थोडं त्यांच्यासाठीही होतं. घरी त्यांनी दारू सोडल्याचं सांगितलेलं असणार.

विहीणबाईंनी पदर सावरला आणि सरळ मला विचारलं, "किती घेतली ह्यांनी?"

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मोठ्या आशेनं बघितलं.

"येक गिलास," मी म्हटलं. "त्यातला निम्मा ठिवला."

"आनि खाल्लं काय?"

"भजी. दोन पलेटी."

"डाक्टरनं तेल बंद केलंय ह्यांचं," असं म्हणून त्या एकदम हसायला लागल्या. हसताना त्यांचा सगळा देह हलत होता. मग नवऱ्याला म्हणाल्या, "मला अशीच इहीन पायजे. तुमी सांगत न्हाई, ही तरी सांगंल." आणि चुलत्याला म्हणाल्या, तारीख बोला.

पाहुणे गेल्यावर अण्णा माझ्यावर रुसले. तीन दिवस बोलले नाहीत. चवथ्या दिवशी झरोक्याशी येऊन म्हणाले, "बाई, पोरीचं झालं ते लय चांगलं झालं. पर मी भूत किती जपलं हुतं." मलाही वाईट वाटलं. पण भुताला काही झालं नाही. आत बाई काम करते ही बातमी गुत्त्यात पोचली तेव्हा कुणी विश्वासच ठेवला नाही. म्हाताऱ्या विणकरानं निकाल दिला, बाई असंल, पण भूत बी हाय. अण्णांनी भूत झाकायला बाई ठेवलीय.

लग्न बुद्धविहारात होतं, सकाळी अकराला. आष्ट्याहून दोन टेम्पो भरून माणसं आली. आमच्या बाजूनं भाऊ, भावजय, दोन शेजारणी. सतरंजीची एक बाजू भरून सांडत होती, आमच्या बाजूला नुसती सतरंजी दिसत होती. आणि अण्णा आले नव्हते. भाऊ म्हणाला, निरोप धाडलाय, नाही म्हणतात.

मी नव्या पांढऱ्या साडीत तशीच निघाले. मागच्या दारानं गेले असते, पण मी कामाला नसले की ते अण्णा आतून लावायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मी गुत्त्याच्या पुढच्या दारातून आत गेले. अकरा माणसं बसली होती. कुणीतरी कुजबुजलं, "पाय बग, पाय." सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. ते सरळच होते. म्हातारा विणकर थोडा हिरमुसला.

अण्णा ताकाचा ग्लास धरून बसले होते. मी म्हटलं, तुम्ही का आला नाही.

ते म्हणाले, "बाई, मी गुत्तेवाला. चाळीस वर्सांचा वास हाय अंगाला. पोरीच्या लग्नात बरं दिसत न्हाई."

सगळी माणसं ऐकत होती. माझा हात पदराकडे गेला. पण मी म्हटलं, "वास माज्याबी अंगाला हाय, अण्णा. उठा."

अण्णा उठले. टोपी नीट केली. दुपारच्या आधी त्यांनी दुकान बंद केल्याचं माधवनगरात कुणाला आठवत नसेल. कुलूप लावताना ते बाहेर उभ्या माणसांना म्हणाले, "तुमी काय बगताय? आंगुळ करून या समदी. आनि तोंडं धुवून."

वंदना सुरू व्हायच्या आत अकराच्या अकरा आले. ओले केस, धुतलेले शर्ट, हात पुढे बांधून. विणकरानं तर कपाट उघडून लग्नातला कोट काढला होता. आमच्या बाजूच्या सतरंजीवर ते अण्णांच्या मागे दाटीवाटीनं बसले. विहीणबाईंनी मला विचारलं, हे सगळे कोण. मी म्हटलं, आमच्याकडचे.